पुठ्ठ्यातून कापलेला वक्र

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आला पुठ्ठ्याचा एक तुकडा. गणिताच्या बाईंनी तो स्वतः कापून आणला होता. त्याची खालची गोलसर कड म्हणजे य = क्ष² या समीकरणाचा आलेख, म्हणजेच अन्वस्त.

त्याआधी कित्येक दिवस मी एकच चूक करत होते. आलेख क्ष-अक्षाला कुठे छेदतो, असं विचारलं की क्षच्या जागी शून्य घालून मोकळी व्हायची. अक्ष क्षचा, तेव्हा शून्यही क्षलाच, असं डोक्यात घट्ट बसलं होतं. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं.

"क्ष-अक्षावर बोट ठेव. आता सरकव. बोट वर जातंय का?"

"नाही, बाई."

"खाली?"

"नाही."

"मग शून्य कोण?"

"य!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही. आजही कागदावर अक्ष काढले की बोट आपोआप सरकतं.

मग तो पुठ्ठा आला. फळ्यावर चौकटी आखलेल्या होत्या. बाईंनी पुठ्ठा टेकवला, कडेने खडू फिरवला आणि शेजारी लिहिलं, य = क्ष² − ४क्ष + ३. य शून्य धरला की (क्ष − १)(क्ष − ३) = ०, म्हणून क्ष-अक्षावर १ आणि ३. क्ष शून्य धरला की उरतं नुसतं स्थिर पद, म्हणून य-अक्षावर ३. त्यासाठी आकडेमोडसुद्धा लागत नाही.

बाईंनी पुठ्ठा सरळ एक घर वर सरकवला. स्थिर पद ४ झालं आणि वक्र क्ष-अक्षाला फक्त २ पाशी टेकला. आणखी तीन घरं वर, स्थिर पद ७. "आता छेदनबिंदू काढा." मी विवेचक काढला, म्हणजे उकली आहेत की नाहीत हे सांगणारी संख्या, १६ − २८ = −१२. कुठेतरी चुकलं असणार म्हणून तीनदा तपासलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, वहीत काय बघतेस, फळ्याकडे बघ." वक्राचं टोक (२, ३) या बिंदूवर, अक्षापासून तीन घरं वर अधांतरी होतं. "भेटच होत नाही. लिही तसं."

तोवर उणे विवेचक ही माझ्यासाठी नुसती पाठ केलेली अट होती. त्या दिवशी ती मला दिसली.

वर्गसमीकरण सोडवण्याचं सूत्र पुढच्या तासाला आलं. समीकरण अ·क्ष² + ब·क्ष = −क असं मांडायचं. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचं, मग ब² मिळवायचा, की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो आणि उजवीकडे ब² − ४अक, म्हणजेच विवेचक. ही रीत प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त तिचा उल्लेख केला म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. हे बाईंनी सांगितलं तेव्हा वर्ग अगदी शांत होता.

गृहपाठाचा एक प्रश्न मात्र खास होता. क्ष-अक्षाला १ आणि ५ वर छेदणारा वक्र शोधा. मी क्ष² − ६क्ष + ५ लिहून नेलं. मैत्रिणीने २क्ष² − १२क्ष + १०. आम्ही भांडलो, आणि बाईंनी दोघींनाही बरोबर दिलं! १ आणि ५ मधून जाणारे असे वक्र अगणित असतात. कोणता हवा ते य-अक्ष ठरवतो. तिथे १० हवे असतील तर मैत्रिणीचा, ५ हवे असतील तर माझा.

परीक्षेच्या आदल्या रात्री हेच घोकताना मी १ च्या जागी ० घेऊन पाहिलं. ० आणि ५. आता वक्र आरंभबिंदूतूनच जातो, म्हणजे य-अक्षावर शून्यच येणार, क्ष² चा सहगुणक काहीही असो. इथे य-अक्ष काहीच ठरवू शकत नव्हता! हे वहीत नव्हतं, बाईंनीही सांगितलं नव्हतं. सकाळी पेपरची घंटा व्हायच्या आत मी शिक्षकांच्या खोलीपर्यंत धावत गेले. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, माझा कागद नीट वाचला, आणि खाली लाल पेनाने लिहिलं, "हे आज मला तू शिकवलंस."