तुम्ही विचारलंत म्हणून : प्रार्थना करूनही भीती का जात नाही?

रविवारची उपासना संपते, लोक पाळकसाहेबांना भेटून बाहेर येतात आणि नागपूरच्या सदर भागातल्या चर्चच्या आवारात, झाडाच्या सावलीत कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, “रोज प्रार्थना करते, वचन वाचते, तरी रात्री छातीत धस्स होतं. माझा विश्वास कमी पडतो का हो?” एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात दवाखान्यात खाट मिळेना, तेव्हा हा प्रश्न घरोघरी होता. मार्च २०२५ मध्ये महाल भागात हिंसाचार झाला, शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली, तेव्हाही होता. एरवी बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, पोराची नोकरी गेलेली असते, गावाकडून अपरात्री फोन येतो. निमित्त बदलतं, प्रश्न तोच राहतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. नाही, विश्वास कमी पडलेला नाही. बहुतेकदा प्रार्थनेची रीत चुकलेली असते, आणि ती सुधारता येते.

आधी त्या फॉरवर्डबद्दल. बायबलमध्ये ‘भिऊ नको’ बरोबर ३६५ वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असा मेसेज सगळीकडे फिरतो. हा आकडा मोजणीत टिकत नाही. पण त्याहून मोठं नुकसान असं, की तो वाचून ‘भिऊ नको’ हा रोजचा हुकूम वाटायला लागतो आणि भ्यायलेल्या माणसाच्या डोक्यावर हुकूम मोडल्याचं ओझं चढतं. ते शब्द मुळात कुणाला म्हटलेत ते बघा. उत्पत्तीच्या २१व्या अध्यायात हागार, अब्राहामाच्या घरातून लेकरासह बाहेर काढलेली दासी, बैरशेब्याच्या रानात भटकते आहे. मसकेतलं, म्हणजे कातडी पिशवीतलं, पाणी संपलंय. लेकराचा जीव जाताना बघवणार नाही म्हणून त्याला एका झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसलीय आणि मोठ्याने रडतेय. त्या बाईला ‘भिऊ नको’ म्हटलंय. कारणही लगेच दिलंय, की देवाने मुलाचा आवाज ऐकलाय. मग देव तिचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते, ती मसक भरून आणते आणि लेकराला पाजते. अंधारात दचकून उठलेल्या पोराला आई उचलून घेते आणि “मी आहे ना” म्हणते, तसा हा शब्द आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता शांतीचं. आपल्या घरात कॅलेंडरवर, फ्रेमवर हमखास असणारं वचन म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, ओवी ६ आणि ७. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ इथेच आपण थांबतो. पुढे वाचा. प्रार्थना आणि विनंती करून, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणे आणि तुमचे विचार ‘राखील’. या ‘राखील’साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिक तिथे वसवलेले होते. वाचणाऱ्यांना पहारा म्हणजे काय ते नीट माहीत होतं.

आपल्याकडे काटोल-नरखेडच्या बाजूला शेतात रात्री जागल करतात. मचाणावर माणूस बसला म्हणून रानडुकरं जंगलातून नाहीशी होत नाहीत. ती धुऱ्यापर्यंत येतात, त्यांचा आवाज येत राहतो. पीक मात्र राखलं जातं. पौलाने सांगितलेली शांती ही अशी राखण आहे. भीतीचा आवाज येत असतानाही ती असू शकते. ‘अजून भीती वाटते, म्हणजे प्रार्थना लागली नाही’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आणि हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिलं. याच फिलिप्पै गावात पूर्वी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत देवाची गाणी गात होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. म्हणजे बोलणारा माणूस अनुभवातून बोलतोय.

आता प्रत्यक्ष काय करायचं. समजा रात्रीचे पावणेतीन वाजलेत. कूलरची घरघर चालू आहे, बाजूचे सगळे झोपलेत, तुमचे डोळे टक्क उघडे. अंथरुणात पडल्या पडल्या प्रार्थना करू नका. पडलेल्या शरीरात विचार गोल गोल फिरतात आणि मधेच प्रार्थना कुठे संपली, काळजी कुठे सुरू झाली, ते कळत नाही. उठा, अर्धा पेला पाणी प्या, खुर्चीवर बसा, तळपाय फरशीला टेकवा. छोटा दिवा लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली तीन-चार मिनिटं काही मागू नका. श्वास घेताना मनात म्हणा ‘प्रभू येशू ख्रिस्ता’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. घेताना चार आकडे, सोडताना सहा. असं वीस वेळा. ही प्रार्थना पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये, तिथल्या मठांमध्ये शेकडो वर्षं चालत आलेली आहे. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच व्यवस्था आहे. ज्याने शरीर दिलं त्याच्याशी बोलताना ती वापरायला संकोच कशाला? पहिल्या पाच-सहा श्वासांत काहीच होणार नाही. मधेच मन पळेल. पळालं की रागावू नका, पुन्हा ‘प्रभू येशू ख्रिस्ता’पासून धरा.

मग कागद घ्या. ‘मला भीती वाटते की...’ असं लिहून एकच वाक्य पूर्ण करा. ‘घरच्यांची काळजी’ हे वाक्य चालणार नाही, ते फार मोठं आणि फार धूसर आहे. ‘मंगळवारी रिपोर्ट येईल, त्यात गाठ कॅन्सरची निघेल आणि ते बाबांना कसं सांगायचं मला कळणार नाही’ हे वाक्य चालेल. तुम्हालाच दिसेल, की भीतीचा मोठा भाग कॅन्सरपेक्षा बाबांना सांगण्याचा आहे. मग मागणीही तेवढीच नेमकी होते: ‘प्रभू, गाठ साधी निघू दे. आणि काहीही निघालं तरी बाबांपुढे बसायला मला बळ दे.’ बस्स. हे मोठ्याने, निदान ओठ हलवून म्हणा.

त्याखाली उद्या सकाळी तुम्ही करू शकाल असं एक काम लिहा. ‘नऊ वाजता ताईला फोन करून मंगळवारी सोबत ये म्हणायचं.’ एकच. चार लिहिलीत तर पुन्हा झोप जाईल.

मग आभार, गेल्या चोवीस तासांतल्या तीन गोष्टींचे. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असं घाऊक नको. नळाला वेळेवर पाणी आलं, शेजारच्या काकूंनी वांग्याची भाजी पाठवली, आई आज दोन घास जास्त जेवली. पौलाने आभार मागणीच्या सोबत ठेवलेत, मागणी पूर्ण झाल्यावर नाही. भ्यायलेलं मन फक्त पुढचं बघतं. आभार मानायला त्याला मागे वळून बघावं लागतं. कागदाची घडी करून ती बायबलमध्ये ठेवा, आमेन म्हणा, दिवा मालवा. सगळं मिळून पंधरा मिनिटं. भीती पुन्हा आली तर नव्याने प्रार्थना सुरू करू नका. ‘लिहून दिलंय’ एवढंच म्हणा आणि श्वासाच्या प्रार्थनेवर या.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त इथे: डोळे मिटून चाळीस मिनिटं काळजी करायची आणि तिला प्रार्थना म्हणायचं. ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात ‘तू’ आहे का ते बघा. ‘प्रभू, तू...’ असेल तर तुम्ही कुणाशी तरी बोलताय. ‘असं झालं तर? तसं झालं तर?’ हेच चाललं असेल तर थांबा आणि कागदाकडे वळा.

दुसरं, डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आपल्यासाठीचा संदेश समजायची. यिर्मयाच्या पुस्तकातल्या नाशाच्या अध्यायावर बोट पडलं की माणूस आठवडाभर हादरलेला असतो. वचन म्हणजे काढायची चिठ्ठी नव्हे. तिसरं, ‘हे झालं तर मी अमुक करीन’ असा सौदा. नवस बोलायची सवय आपल्या मातीत आहे, ती चर्चमध्येही येते. पण सौदा केला की मन हिशेबात अडकतं आणि प्रत्येक वाईट बातमी ‘माझंच काही चुकलं’ असं सांगू लागते.

आणखी एक. ही रीत संकटाच्या रात्री पहिल्यांदा करून बघू नका. साध्या दिवसांत, सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं, निदान तीन आठवडे करा. विहिरीत पडल्यावर दोर वळायला बसत नाहीत.

शब्दच सुचत नसतील तर? नागपूरकरांना याचं उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच सापडेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत छापील प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना करणारे होते आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारेही होते. दोन्ही रीती आपल्या घरातल्या आहेत. ‘पुस्तकातली प्रार्थना मनापासूनची नसते’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. भीतीने जीभ जड होते तेव्हा तयार शब्दच चालवून नेतात. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबून. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ यातल्या ‘आज’वर जरा जास्त थांबा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मार्क लिहितो. भीतीच्या रात्री नवे शब्द जुळवायची सक्ती त्यानेही स्वतःवर केली नाही.

आणि स्तोत्र १३ पाठ करा. सहाच ओव्या आहेत. सुरुवातीच्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो. तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात बेत योजत राहू, शत्रू कोठवर वरचढ राहणार. तिसरा ‘कोठवर’ नीट बघा. मनात बेत योजत राहणं म्हणजे तुमचे पावणेतीन वाजताचेच विचार: हे केलं तर, ते केलं तर. ते तक्रार म्हणून देवासमोर मांडायची मोकळीक शास्त्रातच आहे. मग दोन ओव्या मागणी. माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे प्रकाशमान कर. पाचव्या ओवीत सूर बदलतो, भरवशाचा होतो. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मधे परिस्थिती बदललेली नाही, शत्रू तिथेच आहे. पण चौथीपर्यंतचं सगळं बोलून झाल्याशिवाय पाचवी येत नाही. आपण पहिल्या चार गाळतो, थेट पाचवी म्हणायला बघतो, आणि ती घशाखाली उतरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, अचानक धडधड होऊन घाम फुटत असेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, मानसोपचाराचा विभाग आहे. जीव नकोसा वाटत असेल तर एक रात्रही थांबू नका, घरच्यांना उठवा, १४४१६ वर फोन लावा, ती सरकारची टेली मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हटलं तर त्यांना एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचून दाखवा. १ राजे, अध्याय १९. राणी ईजबेल जिवावर उठली म्हणून तो पळाला, झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. तो जेवला, झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला लावलं. देव मंद वाणीत त्याच्याशी बोलला तो प्रसंग याच्या चाळीस दिवसांनंतरचा आहे.

भ्यायलेल्या माणसाकडे तुम्ही जाणार असाल, तर हाच क्रम धरा. आधी डबा न्या. वरण-भात, भाजी, पचेल असं काही. ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ म्हणू नका, तुम्हाला ते माहीत नाही. स्तोत्र १२१ वाचा, आठच ओव्या आहेत. त्यांना बोलायचं असेल तर ऐका, रडायचं असेल तर रडू द्या, प्रार्थना दोन मिनिटांत आटपा आणि तीत त्यांनी सांगितलेलीच भीती त्यांच्याच शब्दांत घ्या. वीस मिनिटांत उठा. निघताना मंगळवारी किती वाजता जायचंय ते विचारून ठेवा, आणि चहाचे कप विसळून या.