जुने डोमेन कंट्रोलर बदलले त्याचा अनुभव

भोसरीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. तिथे दोन डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) होते, एक विंडोज सर्व्हर 2008 आर2 आणि दुसरा 2012 आर2. पहिल्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपलेला, दुसऱ्याचा ऑक्टोबर 2023 मध्ये, पण "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे साहेबांचं नेहमीचं उत्तर. शेवटी ऑडिटवाल्यांनी लेखी मुद्दा काढला तेव्हा कुठे सर्व्हर 2022 च्या दोन लायसन्सना मंजुरी मिळाली.

नवीन सर्व्हर डोमेनमध्ये घेतला, प्रमोट करायला, म्हणजे डीसी बनवायला गेलो तर विझार्डने तिथेच अडवलं, कारण हे डोमेन 2003 च्या काळातलं आणि सिसव्हॉल (डोमेनच्या पॉलिसी आणि स्क्रिप्टचं सामायिक फोल्डर) अजून एफआरएसवरच, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमध्ये फाइल कॉपी करायच्या जुन्या पद्धतीवरच चाललेलं, आणि 2019 पासूनचे सर्व्हर ते चालवूनच घेत नाहीत. मग आधी डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या विंडोज आवृत्तीच्या सुविधा वापरतं ती पातळी) वाढवली, त्यानंतर सिसव्हॉल नव्या डीएफएसआर पद्धतीवर नेणाऱ्या डीएफएसआरमिग कमांडने टप्प्याटप्प्याने प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड आणि मग एलिमिनेटेड. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येतं, तिसऱ्यानंतर नाही, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही सर्व्हर त्या टप्प्यावर पोचले का ते बघूनच पुढे गेलो. घाई करण्यासारखं ते काम नाहीच.

प्रमोशन, रेप्लिकेशन (एका डीसीवरचा डेटा दुसऱ्यावर उतरणं), पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) हलवणं हे सगळं एका गुरुवारी उरकलं, त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी असते त्यामुळे कोणाचा फोन नाही. एकच गोष्ट मुद्दाम आधी केली, पीडीसी रोल (त्यातलाच एक, डोमेनची वेळ ठरवणारा) ज्या व्हर्च्युअल मशीनवर जाणार होता तिथली हायपर-व्हीची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) टाइम सिंक बंद केली आणि त्याला बाहेरचा एनटीपी, म्हणजे वेळ देणारा सर्व्हर दिला. नाहीतर होस्ट (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं तो सर्व्हर) डीसीकडून वेळ घेणार, डीसी होस्टकडून घेणार, आणि घड्याळात पाच मिनिटांच्या वर फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिनच नाकारतं.

खरं काम त्यानंतरचं, जुन्याला अजून कोण कोण विचारतंय ते शोधणं. डीएचसीपीमधला (पीसींना आयपी वाटणाऱ्या सेवेतला) डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) पत्ता बदलला की पीसी आपोआप नवीनकडे जातात, पण ज्यांना आयपी हाताने टाकलेत त्यांचं काय? जुन्या सर्व्हरवर डीएनएसचं डीबग लॉगिंग चालू करून ठेवलं आणि रोज सकाळी चहाबरोबर ती फाइल उघडायची. गेटवरचं बायोमेट्रिक सापडलं, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर सापडला, स्टोअरमधला प्रिंटर सापडला. अकाउंट्सचा मोठा कॉपीअर तर डीएनएसच्या लॉगमध्ये नव्हताच, त्याच्या अॅड्रेस बुकमध्ये थेट जुन्या सर्व्हरचा आयपी एलडॅपसाठी (डोमेनमधली नावं-पत्ते शोधायची पद्धत) टाकलेला, तो सिक्युरिटी लॉगमधल्या लॉगिन नोंदींवरून कळला. पगाराचं सॉफ्टवेअर महिन्यातून एकदाच तिकडे जायचं, म्हणून पगार होईपर्यंत जुन्याला धक्का लावला नाही. नुसती रेप्लिकेशन क्लीन दिसली म्हणून जुना डिमोट करणारे, म्हणजे डीसीपदावरून काढणारे लोक मी बघितलेत, मग एक तारखेला पळापळ.

टूल रूममधल्या एका मशीनमध्येही जुन्याचाच आयपी, पण त्याचं सेटिंग व्हेंडरशिवाय उघडत नाही आणि व्हेंडर फोन उचलत नाही. त्यावर उपाय म्हणजे जुना डिमोट करून बंद केला आणि त्याचाच आयपी नवीन डीसीला दिला, मग नवा पत्ता नोंदवायला रजिस्टर डीएनएस आणि नेटलॉगॉन सेवा रीस्टार्ट, आणि तपासणीसाठी डीसीडायग. मशीनला काही कळलंच नाही.

डिमोशन व्यवस्थित झालं तरी साइट्स अँड सर्व्हिसेस या टूलमध्ये जुन्याचं नाव राहतं, ते हातानेच काढावं लागतं, डीएनएस झोनमधले एनएस (नेम सर्व्हरचे) रेकॉर्डही तपासा. दोन्ही जुने निघाल्यावर फंक्शनल लेव्हल 2016 केली. साहेबांनी विचारलं, सर्व्हर 2022 चा घेतला मग लेव्हल 2016 ची का? त्यात तीच सगळ्यात वरची आहे, वेगळे पैसे भरून वाढत नाही, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.