उन्हाळी नोंद: कणीक, सायकल आणि सिंगल लाइन

मंडळी, परभणीच्या उन्हाळ्यात वापरण्याजोगी वेळ एकच, पहाटे साडेचार ते सकाळी आठ. त्यापुढचा दिवस पंख्याखाली काढायचा. माझी पंचाईत अशी की सायकल, पाव आणि रेल्वे हे तिन्ही नाद नेमके याच साडेतीन तासांवर हक्क सांगतात. नोकरीचा त्रास नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरून असतं आणि बैठका दुपारनंतर सुरू होतात. भांडण आहे ते पहाटेसाठी. या हंगामात ते कसं मिटवत आणलं त्याची ही नोंद.

मार्च अखेर

आधी मोजमाप. ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय कंट्रोलरच्या एका बोर्डावर डीएस१८बी२० जातीचे तापमान मोजणारे सेन्सर लावले: एक पिठाच्या डब्यात, एक माठात, एक गच्चीच्या सावलीत आणि एक मोकळा, कणकेत खुपसायला. हा सेन्सर स्वस्त आहे, पाण्यात चालणाऱ्या नळीसकट मिळतो आणि अर्ध्या अंशाच्या आतबाहेर खरं बोलतो. स्वयंपाकघराला याहून जास्त नको.

आलेख बघून पहिली गोष्ट ध्यानात आली ती पिठाच्या डब्याची. हवा दुपारी तीन-चारला सगळ्यात तापलेली असते, पण डब्यातलं पीठ तापतं संध्याकाळी सात-आठला आणि निवतं ते उजाडल्यावर. म्हणजे संध्याकाळी गार वाटायला लागलं म्हणून मळायला बसलो तर आपण दिवसातलं सगळ्यात गरम पीठ हातात घेतलेलं असतं. गिरणीतून नुकतं आणलेलं असेल तर बोलायलाच नको.

पाव करणाऱ्यांचं जुनं सूत्र बहुतेकांना ठाऊक असेल. मळून झालेली कणीक २६ अंशांवर हवी असेल तर २६ ला तीनने गुणायचं, त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि मळण्याने वाढणारी ऊब वजा करायची. उरेल तितक्या अंशांचं पाणी घ्यायचं. खोली ३८, पीठ ३८, हाताने मळण्याचे २ धरले तर ७८ मधून ७८ गेले, शून्य उरलं. शून्य अंशाचं पाणी! युरोपातली पुस्तकं या जागी ‘कोमट पाणी घ्या’ म्हणतात. त्यांना मेमध्ये आमच्याकडे आठवडाभर ठेवून घेतलं पाहिजे.

म्हणून बर्फ. बर्फ किती, याचंही सूत्र आहे. बर्फ वितळताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता खातो, त्यामुळे एकूण पाण्याला (हाताशी असलेल्या पाण्याचं तापमान वजा हवं ते तापमान) ने गुणायचं आणि (हाताशी असलेल्या पाण्याचं तापमान अधिक ८०) ने भागायचं. अर्धा किलो पिठाला ३२० ग्रॅम पाणी लागतं. गच्चीवरच्या टाकीचं ३६ अंशांचं पाणी घेतलं तर त्यातला ९९ ग्रॅम बर्फ हवा. माठातलं २५ अंशांचं घेतलं तर ७६ ग्रॅम. माठाने फुकटात तेवीस ग्रॅम बर्फ वाचवला. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे आणि घरातली सरबतं यांचा हिशेब बघता ही बचत लहान नाही.

हे सगळं छोट्या स्क्रिप्टमध्ये बसवलंय. पहाटे साडेचारला ती सेन्सर वाचते आणि फोनवर दोन आकडे पाठवते, पाणी इतकं आणि बर्फ इतका.

एप्रिल: ज्वारी

मला पाव हवा तो ज्वारीचा. आमच्या भागात राहून नुसत्या मैद्याचा पाव करायचा तर मग बाजारातूनच आणावा. ज्वारी मालदांडी. कृषी विद्यापीठाचं परभणी मोती हे वाणही टपोरं आणि भाकरीला नावाजलेलं, ते मिळालं की तेही घेतो. परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण २०१८ साली आलं, त्याचं पीठ अजून हातात पडलेलं नाही.

अडचण सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही. वायू धरून ठेवणारं जाळं गव्हाकडूनच मिळतं, ज्वारी नुसती मध्ये येते आणि जाळं तोडते. कोरडं पीठ तसंच मिसळलं तर पाव बसका होतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा पडतो. यावर उपाय आपल्याच घरातला आहे, उकड. भाकरीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की बायका उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवतात. पिठातला स्टार्च साधारण सत्तर अंशांपुढे पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. तोच चिकटपणा पावात ओल धरून ठेवतो.

सध्या जमलेलं प्रमाण असं: गव्हाचं पीठ ४०० ग्रॅम (निम्मा मैदा, निम्मी बारीक चाळलेली कणीक), ज्वारी १०० ग्रॅम, उकडीला उकळतं पाणी २०० ग्रॅम, वर मळायला पाणी १६० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, चमचाभर करडईचं तेल. यीस्ट थंडीत घालतो त्याच्या निम्मं. तेलावरून वाद नको, करडईच्या मुलखात राहून ऑलिव्ह तेलाची बाटली फोडणं मला पटत नाही.

आणि या हंगामातला खरा शोध इथेच लागला. उकड रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी ती ८ अंशांवर असते. आता सूत्रात चौथा घटक आला, म्हणून २६ गुणिले चार, १०४. त्यातून खोली ३८, पीठ ३८, उकड ८ आणि मळण्याचे २ वजा केले की १८ उरतात. १८ अंशांचं पाणी! माठातल्या १६० ग्रॅम पाण्यात अकरा ग्रॅम बर्फ टाकला की काम झालं, म्हणजे ट्रेमधला जेमतेम एक खडा. उकडच बर्फाचं काम करते. सूत्र ढोबळ आहे, कोणाचं वजन किती हे ते बघत नाही. मी वजनानुसार उष्णतेचा हिशेब करणारी आवृत्तीही लिहून बघितली, पण कणकेत सेन्सर खुपसल्यावर दोन्हींतला फरक एखाद्या अंशाचाच निघतो. साधं सूत्र ठेवलं.

आईने पहिल्यांदा फ्रिजमधली वाटी बघितली तेव्हा म्हणाली, “कामून रे, शिळ्या उकडीचं काय करायलास?” पाव झाल्यावर तिने तो शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ला आणि येसर आमटीत बुडवूनही बघितला. आमटीशी चांगला लागतो, हे तिचं मत नोंदवून ठेवतो. चहाशी नाही, हेही तिचंच.

मे: वेळेचं भांडण

आता मुख्य मुद्दा. पहाटे पावणेपाचला मळायला घ्यायचं, पाचला गोळा झाकून माठाशेजारी ठेवायचा आणि सायकल काढायची. मी परत येईपर्यंत त्याने फुगायचं. म्हणजे फेरी किती लांब करायची हे आता पायांच्या हातात राहिलेलं नाही. सेन्सर कणकेतच असतो. गोळा २८ अंशांच्या वर गेला की फोन वाजतो, आणि त्याचा अर्थ ‘असशील तिथून फिर’. मार्चमध्ये गंगाखेड रस्त्याने निवांत लांब जाऊन येता येत होतं. मेच्या मध्यात विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीखालून दोन चकरा आणि जिंतूर रस्त्याला थोडं पुढे, एवढ्यात घंटी वाजते. नऊच्या आत ओव्हन बंद झालं पाहिजे हा घरचा नियम आहे आणि तो रास्त आहे. मेमध्ये त्यानंतर २२० अंशांचं ओव्हन चालवणाऱ्याला कोणी जेवायला वाढणार नाही. लाइट गेली तर तेही नाही, कारण एवढा भार इन्व्हर्टर उचलत नाही. अशा दिवशी त्याच गोळ्याच्या तव्यावर जाड रोट्या होतात.

सायकलबद्दल थोडक्यात. उन्हात टायरमधली हवा वाढून टायर फुटतं, असं आमचे सायकल मिस्त्री ठामपणे सांगतात. आकडा काढून बघितला. २५ अंशांना ८० पीएसआय भरलेलं टायर ४५ अंशांना जातं साधारण ८६ वर. एवढ्याने धड टायर फुटत नाही. सुटतो तो जुना पॅच, कारण उष्णतेने त्याखालचं सोल्युशन मऊ पडतं. म्हणून उन्हाळ्यात पॅचवर पॅच न लावता ट्यूबच बदलावी, असं माझं मत. सराटे मात्र बारमाही शत्रू. रस्त्याच्या कडेला चाक उतरवलं की दोन-तीन टोचलेच समजा. आत लायनर (टायर आणि ट्यूब यांच्यामधली जाड पट्टी) टाकल्यापासून निभावतंय. ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट इथल्या उन्हात लवकर सुकतं, ज्यांनी वापरलंय त्यांनी किती दिवसांनी भरता ते कळवा.

रविवार: गाडीचा दिवस

ज्यांना रेल्वेचं वेड नाही त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण माझ्या मते हाच सगळ्यात रंगतदार आहे.

परभणीची जागा नकाशावर बघा. पूर्वेला पूर्णा, नांदेडकडून मुदखेडपर्यंत ८१ किलोमीटर दुहेरी मार्ग. दक्षिणेला परळीचा फाटा. आणि पश्चिमेला, जालना-संभाजीनगरकडे, निजामाच्या काळापासून चालत आलेली एकच लाइन. तेव्हा मीटर गेज होतं, आता ब्रॉडगेज आहे, वर विजेच्या तारा आल्या, ऑगस्ट २०२५ पासून नांदेडची वंदे भारतही याच रुळांवरून मुंबईला जाते, पण लाइन एकच. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. होईल तेव्हा होईल. तोवर दोन स्टेशनांमधल्या एका टप्प्यात एक गाडी, समोरचीने लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहायचं.

माझा रविवारचा बेत असा असतो. घडीची सायकल पिशवीत घालून पहाटेच्या गाडीने मानवत रोडला उतरायचं, तिथून मानवत गाव आणि मग कल्याण-निर्मल महामार्गाने परभणी. तीसेक किलोमीटर, आणि या दिवसांत वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. मोठी सायकल ब्रेकव्हॅनमधून नेण्याच्या भानगडीत मी पडत नाही. गाडी दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर ती उतरवून मिळेल याची खात्री कोण देणार? घडीची सायकल सामान म्हणून सीटखाली जाते, टीसी बघतो, हसतो, पुढे जातो.

मधलं स्टेशन पेडगाव. तिथे क्रॉसिंग लागलं, म्हणजे समोरून गाडी यायची असली, की आपली गाडी थांबते ती थांबते. मुंबईहून रात्री निघालेली देवगिरी एक्स्प्रेस सकाळी समोरून येते, ती वेळेवर असेल तर आपलं नशीब. डब्यातले लोक वैतागतात, मी खाली उतरून सिग्नल बघत उभा राहतो. लूपची वळणं, मेन लाइनवरून वेगात जाणारी गाडी, मग पुन्हा पिवळा. कामावर मी जे प्रोग्रॅम लिहितो त्यात एकाच गोष्टीवर दोन प्रक्रिया हक्क सांगू लागल्या की कुलूप लावावं लागतं. हा कारभार रेल्वेवाल्यांनी टोकन (ते ज्या गाडीकडे तिलाच पुढे जायची परवानगी) वापरून कधीचा बसवलेला आहे, आणि आम्ही तो शब्दही त्यांच्यासारखाच वापरतो.

उन्हाळ्यात रुळांचाही हिशेब सुरू असतो. हल्ली रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात, जुन्यासारखी जागोजाग फट नसते. पोलादाचा एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला आणि २० अंशांनी तापवला तर तो २३ सेंटिमीटर वाढेल. पण स्लीपर आणि खडी त्याला वाढू देत नाहीत, म्हणून तो सगळा जोर रुळाच्या आत दाबून राहतो. रूळ बसवताना त्यातला ताण काढून एक तापमान धरलेलं असतं. रूळ त्याच्याही २० अंश वर गेला की रेल्वेची उन्हाळी गस्त सुरू होते, कुठे रूळ वाकडा होतोय का ते बघायला माणसं भर उन्हात चालतात. रूळ तपासणारा कीमन तर एरवीही रोज त्याच्या हद्दीतून चालत जातो. मी दोन अंशांनी चढलेल्या कणकेसाठी फोन वाजवतो, आणि तिकडे पन्नाशी ओलांडलेल्या लोखंडाशेजारून माणूस हातोडा घेऊन चालत असतो. त्या कामाची टिंगल करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

क्रॉसिंगचा अंदाज कुठलीही स्क्रिप्ट देत नाही, म्हणून रविवारी कणीक माठाशेजारी ठेवत नाही. शनिवारी रात्री मळून थेट फ्रिजमध्ये, यीस्ट आणखी कमी. सकाळी कितीही उशीर झाला तरी ती वाट बघते, आणि चवही जास्त उतरते. मग रोजच असं का करत नाही, असं कोणी विचारेल. कारण रोज रात्री फ्रिजमधली ती फळी मला मिळत नाही. दूध आणि कैरीचं पन्हं यांचा तिथे आधीचा हक्क आहे.

पुढचं

जूनमध्ये पाऊस लागला की पीठ हवेतली ओल धरेल, तेव्हा पाणी थोडं कमी करून बघायचंय. काळ्या मातीचे रस्ते बंद, मडगार्डात चिखल बसला की चाकच फिरत नाही, त्यामुळे फेऱ्या डांबरीवरच. खपली गव्हाचं पीठ मागवलंय, ते ज्वारीच्या उकडीशी कसं वागतं ते बघू. आणि जालना किंवा सेलूकडचं कोणी घडीची सायकल घेऊन याच लाइनवर फिरत असेल तर एखाद्या रविवारी मानवत रोडला भेटू या. पाव मी आणतो, चटणी तुमची.