तुम्ही विचारलंत म्हणून: मान वळवली की चक्कर, मेंदूला रक्त कमी पडतंय का?

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत हाच प्रश्न, तोही हातात मानेचा एक्स-रे धरून: "मणक्यात गॅप आहे म्हणतात. त्यामुळं मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचत नाही का हो?"

बहुतेक वेळा तसं नसतं. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज जवळपास सगळ्यांच्या एक्स-रेत दिसते. कुशीवर वळताना किंवा फळीवरचा डबा काढताना गरगरलं आणि मिनिटाभरात थांबलं, तर कारण बहुधा कानात असतं. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून सरकलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं फिरवून ते जागेवर आणतात. त्यासाठी महिनोन्महिने गोळ्या खाऊ नका.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात आणि कवटीत एक होतात. लहान मेंदू, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आणि दृष्टीचं केंद्र त्यांच्यावरच जगतं. म्हणून तिथं रक्त कमी पडलं तर नुसती चक्कर क्वचितच येते. एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, घोट अडकतो, उभं राहवत नाही, चेहऱ्याची एक बाजू बधिर होते. हातापायांत ताकद अनेकदा असते, म्हणून घरचे "पित्त झालंय" म्हणत लिंबू सरबत देतात. घोट अडकत असेल तर पाणीसुद्धा देऊ नका, ते फुप्फुसात जातं.

त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, हे आधीच ठरलेलं असावं. साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या या भागातला ताजा झटका (स्ट्रोक) अनेकदा दिसत नाही. एमआरआय आणि धमन्यांची अँजिओग्राफी लागेल का, हे विचारा. दहा मिनिटांत सगळं बरं झालं तरी त्याच दिवशी दाखवा, पुढचा झटका मोठा असू शकतो.

या झटक्याची मूळ कारणं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके आणि तंबाखू. निपाणी भागाची पोटं तंबाखूवर चालतात, तरी सांगावंच लागतं: विडी सोडाच, मिश्रीही सोडा.

उठताना अंधारी येते? पाच मिनिटं आडवं राहून बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर डॉक्टरांना सांगा. कधी बीपीची गोळीच जास्त झालेली असते. मनानं मात्र बंद करू नका.

आणि दाढी-कटिंगनंतर मान कडकड मोडून घेऊ नका. त्या हिसक्यानं धमनीचं अस्तर फाटू शकतं, तरुणांचंसुद्धा. मानेत पूर्वी कधी नव्हती अशी कळ आणि सोबत तोल जात असेल, तर मालिश नको, थेट दवाखाना गाठा.