कासाडीचं पाणी आणि खोटं आर्सेनिक

कासाडी नदी म्हटलं की लोकांना २०१७ साली नवी मुंबईजवळच्या तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री आठवतात. निळा रंग दिसला म्हणून बातमी झाली. पण पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंगही नसतो आणि वासही नसतो. पिण्याच्या पाण्यात शिसं चालतं ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३. कासाडीचं पाणी कुणी पीत नाही, पण तुलनेला हाताशी तेच आकडे असतात.

एवढं बारीक मोजायचं तर बाटलीपासून सोवळं पाळावं लागतं. महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये बाटल्या रात्रभर दहा टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवतो. पाणी काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं आणि लगेच नायट्रिकचे थेंब टाकून पीएच दोनच्या खाली आणायचा. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि नदी उगाच स्वच्छ ठरते. सोसायटीतले काका कोल्ड्रिंकच्या बाटलीत नमुना आणून देतात, तेव्हा मी चहा पाजून परत पाठवते.

खरी डोकेदुखी खाडीच्या बाजूला. भरतीचं पाणी आत शिरलं की नमुना खारट होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड, आणि आपण शोधतोय मायक्रोग्रॅममधलं आर्सेनिक! आयसीपी-एमएस मशीन अणूला वजनावरून ओळखतं. आर्सेनिकचं वजन ७५. मशीनमधला प्लाझ्मा (अतितप्त वायू) आर्गॉनचा, म्हणजे ४०. त्याला मिठातला ३५ चा क्लोरीन चिकटला की झाले ७५. नदीत नसलेलं आर्सेनिक स्क्रीनवर हजर. हेलियम मोड लावला, म्हणजे वाटेत हेलियम वायू सोडला, की ही जोडगोळी बरीचशी गळते. म्हणून आर्सेनिकचा आकडा कुणी दाखवला की मी आधी विचारते, भरती होती का ओहोटी?

खारं पाणी मशीनला तसंच देताही येत नाही, आत शिरायच्या वाटेवरचे बारीक भोकांचे कोन चोक होतात. दहापट पातळ केलं की डिटेक्शन लिमिटही (मशीनला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण) दहापट वर जातं. हे रिपोर्टात कुणी ठळक लिहीत नाही. नुसतं 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे त्या लिमिटच्या खाली) लिहिलं की वाचणारा समजतो, धातू नाहीच. मागे एक रिपोर्ट हातात आला (आमच्या लॅबचा नव्हे). शिशापुढे बीडीएल, आणि तळाला बारीक अक्षरात डिटेक्शन लिमिट लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. शिसं पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या चौपट असतं तरी हा रिपोर्ट असाच आला असता.