हाताला पेस्ट, तोंडाला पोस्ट

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत माझ्या फेसबुकवर दरवर्षी शुकशुकाट असतो. सांगण्यासारखं सगळ्यात जास्त याच दिवसांत असतं, पण हात मोकळे नसतात. काडी छाटली की तिच्यावरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, ते फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. हे औषध साधंसुधं नव्हे. हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, आणि लावलं त्या दिवशी संध्याकाळी 'बसायचं' नाही, हे गड्यांना आधीच बजावून सांगावं लागतं. असल्या हातानं खिशातनं फोन कोण काढणार? रात्री जेवण झाल्यावर टाइप करायला बसलं की दोन ओळींत डुलकी.

म्हणून यंदा पोरीनं फोनमध्ये बोललेलं लिहून देणारं ॲप टाकून दिलं. हेडफोनचं बटण कोपरानं दाबायचं, बोलायचं, मराठीत लिहून येतं, आणि तिथनंच पोस्ट टाकता येते. ॲपचं नाव सांगत नाही, पुढं त्याची जरा खोडी काढणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते माझ्यापेक्षा शुद्ध आहे. मी तासगावकडचा. मी म्हणतो, "पाऊस पडाय लागलाय, पेस्ट धुऊन जाती का काय." ते लिहितं, "पाऊस पडायला लागलाय, पेस्ट धुऊन जाते की काय." मी 'न्हाई' म्हटलं तरी ते 'नाही'च लिहिणार. सुरुवातीला बरं वाटलं. मग सलग चार पोस्टी वाचल्या, तर सगळ्या सरकारी पत्रकासारख्या. वर्गातल्या एका जुन्या मित्रानं खाली विचारलंच, "कुणाकडनं लिहून घेतोयस रं?"

मोकळ्या रानात काम चालू असताना त्याला माझा एकट्याचाच आवाज ऐकू जावा अशी अपेक्षा करणं चूक आहे म्हणा. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की त्याचं डोकं फिरतं. एकदा छाटणीचं सांगत होतो, आणि मजकुराच्या मध्येच "अगं कळशी हिकडं आण की" हे वाक्य जसंच्या तसं. गंमत अशी की टोळीतल्या बाईचं 'हिकडं' त्यानं शुद्ध केलं नव्हतं. पूर्णविराम मात्र त्याला जमत नाहीत. 'पूर्णविराम' असं म्हटलं तर ते तो शब्दच लिहून मोकळं होतं.

खरी मजा बागेच्या शब्दांत आहे. हे यंत्र अर्थ समजून लिहीत नाही. आवाजाचे बारीक तुकडे पाडतं, आणि अशा आवाजाला, या शब्दापुढं, बहुतेक वेळा काय येतं ते पाहून शब्द निवडतं. जगात पुरीबद्दल बोलणारे जास्त, भुरीबद्दल (वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीबद्दल) बोलणारे थोडे. त्यामुळं माझ्या बागेत 'पुरी आली'. 'घड जिरले' याचं 'घर जिरले' झालं. 'सोनाका'चं 'सोना का?' असं प्रश्नचिन्हासकट. (हे नाव सोलापूर, नान्नज आणि काळे यांच्या पहिल्या अक्षरांवरनं पडलंय. ही जात नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी पुढं आणली. यंत्राला ते माहीत असायचं कारण नाही.) आणि जे एक वाक्य त्यानं काना-मात्रेचा फरक न करता बरोब्बर लिहिलं, ते होतं "कालपासून डोळे फुटायला लागलेत". मुंबईच्या आत्याचा घाबरून फोन आला.

या चुका दिसतात, हसता येतं, दुरुस्त करता येतात. मला भीती वाटते ती आकड्यांची.

घड कोवळा, पोपटी रंगाचा असताना तो लांबवायला जीएचा (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाचा) पहिला हात देतात तो १० पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. वाऱ्यात 'दहा पीपीएम' म्हणून बघा. माझ्याकडं 'सहा पीपीएम' असं लिहून आलं. वाक्य स्वच्छ, शुद्ध, कुठंही खटकत नाही. 'पुरी' वाचून माणूस थांबतो, 'सहा' वाचून थांबत नाही, सरळ टाकीत ओततो. बोर्डो या बुरशीवरच्या मिश्रणाचं तसंच. एक टक्क्याला १०० लिटरला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. यातला एक आकडा हलला तर मिश्रण बिघडलं, आणि कोवळ्या फुटीवर गेलं तर पानं करपली. आमच्या फेसबुकवरच्या बागायतदारांच्या गटातली नवी पोरं पोस्ट वाचून औषध काढतात. म्हणून आता नियम केलाय: बोलायचं ते सगळं बोलायचं, पण औषधाचं नाव आणि प्रमाण रात्री हात धुऊन बोटांनी टाइप करायचं. तोवर पोस्ट जात नाही.

पुतण्या म्हणतो, एवढा उपद्व्याप कशाला, सरळ व्हिडिओ करा की. सगळे तेच करतात. पण मी लिहितो ते पुढच्या वर्षासाठी. ढगाळ हवा आली, पानावर पांढरं दिसलं, की गटात वर जाऊन 'भुरी' शोधायचं आणि गेल्या साली कुणी काय मारलं, कशानं आटोक्यात आली, ते वाचायचं. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत ते कुठल्या मिनिटाला सांगितलंय, कोण हुडकत बसणार?

पण त्यासाठी मजकुरात 'भुरी' हा शब्द असायला लागतो. 'पुरी' लिहिलेली पोस्ट 'भुरी' शोधल्यावर कशी निघेल? परवा उलटं करून बघितलं, गटात 'पुरी' शोधलं. वाढदिवसाच्या जेवणावळीचे फोटो निघाले, आणि त्यांच्या मधोमध दोघांच्या पोस्टी: एकाच्या पानांवर पुरी आलेली, दुसऱ्याच्या मण्यांवर. मी दोघांच्याही खाली विचारलंय, ॲप कुठलं वापरता?