माप घेताना

"ताई, तुम्ही काढलेला माझा फोटो औषधाच्या जाहिरातीत आलाय. वर लिहिलंय, हात साथ देईनात? माझे हात चांगले आहेत, ताई."

सकाळी पावणेआठचा फोन. आवाज ओळखू आला नाही. "लेथवरचा," एवढं ते म्हणाले आणि आठ महिन्यांपूर्वीचा तो दिवस समोर उभा राहिला. फोटो पाठवते म्हणून मी त्यांना माझा नंबर दिला होता. फोटो पाठवायचा राहूनच गेला होता.

काम एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचं होतं. एका दिवसात कारखान्याचे सात विभाग. अशा कामाआधी मी एक फेरी मारून येते, कारण कारखान्यातला उजेड फसवा असतो. वरचे एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण त्यांतले बरेचसे विजेच्या लयीत लुकलुकतात. वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे सेकंदाला १०० वेळा, ६० असेल तिथे १२० वेळा. शटर सेकंदाच्या १/५०० वर नेलं की फोटोत काळे-पिवळसर पट्टे उमटतात. तिथे विजेची वारंवारता ५० होती, म्हणून मी १/१०० वर थांबले, डावीकडून मऊ उजेड देणारा एक सॉफ्टबॉक्स लावला आणि फोनवरच्या या काकांना त्यांच्या लेथपाशी, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनपाशी, उभं केलं.

कंपनीच्या मार्केटिंग अधिकाऱ्यांना त्यांच्या हातात हातमोजे हवे होते. सुरक्षितता दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं. काकांनी मोजे परत दिले. "फिरत्या मशीनवर मोजे घालत नाहीत, साहेब. कापड चकाच्या फिरत्या पकडीत अडकलं तर मोजा निघून येत नाही, हात आत जातो. ज्याला काम कळतं तो फोटो बघून म्हणेल, याला कुणी शिकवलं?"

मला ते फार पटलं. मी मशीन बंद करायला सांगितलं आणि विचारलं, आता एरवी काय केलं असतं? त्यांनी जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, पुसला, त्याला मायक्रोमीटर लावला आणि डोळे बारीक करून वाचायला लागले. मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणारा माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, श्वास रोखलेला. अकरा फ्रेम घेतल्या. सातवी त्या वर्षातली माझी सगळ्यात चांगली फ्रेम होती, आजही मी तसंच म्हणेन.

त्याच आठ्या जाहिरातवाल्यांना दुखण्याच्या वाटल्या होत्या. मायक्रोमीटर कापून टाकला होता. उरला होता एक वयस्क माणूस, स्वतःच्या बोटांकडे कळवळून बघणारा.

त्या दिवशी माझ्या बॅगेत संमतीपत्रांचा गठ्ठा होता. "आमचीच माणसं आहेत, सगळ्यांची परवानगी घेतलेली आहे," असं मला सांगण्यात आलं. तिसरा विभाग चालू होता, चार बाकी होते, उजेड सरकत होता. मी गठ्ठा बाहेर काढला नाही.

शिकत असताना आम्हाला अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी १९३६ साली टिपलेला 'स्थलांतरित आई' हा फोटो दाखवला होता. मुलं खांद्यांना बिलगलेली, हात गालाशी. लँग यांनी त्या बाईला नावसुद्धा विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, अशी तिची तक्रार होती. लँग यांनाही त्याचं वेगळं मानधन मिळत नव्हतं, चित्र सरकारी कामातलं होतं. मी तेव्हा वहीत रचना आणि प्रकाश यांवर पानभर लिहिलं होतं. नावाबद्दल एक ओळही नव्हती.

फोन ठेवून मी करार काढला. वापर: वार्षिक अहवाल आणि कंपनीची वेबसाइट. मुदत एक वर्ष. तिसऱ्या कुणाला देता येणार नाही. हे मी प्रत्येक कामात लिहिते, कारण माझं पोट त्यावर चालतं. आम्ही फोटो विकत नाही, वापराची परवानगी विकतो. अहवालात छापलेला फोटो आणि औषधाच्या जाहिरातीत लावलेला फोटो यांची किंमत एक नसते. चित्राचा हक्क काढणाऱ्याकडे राहावा, हा रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सोबती छायाचित्रकारांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी १९४७ मध्ये मॅग्नम ही स्वतःची सहकारी संस्था काढली. तरीही दर वर्षी कुणीतरी मला विचारतंच, "एकदा पैसे दिले ना, मग?"

त्या दिवशी कंपनीकडूनही हेच विचारलं गेलं. जाहिरात त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीची होती, म्हणून फोटो "घरातच" राहिला होता, असं उत्तर आलं. माझ्या वर्षाच्या कामातला जवळपास तिसरा हिस्सा या लोकांकडून यायचा. मेल लिहायला मला दुपारचे तीन वाजले. एकदा लिहिलेला मऊ मजकूर पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी तीनच गोष्टी ठेवल्या: जाहिरात मागे घ्या, झालेल्या वापराचं शुल्क द्या, काकांशी स्वतः बोला.

चार दिवसांनी जाहिरात इंटरनेटवरून उतरली. छापलेली पत्रकं तोवर वाटून झाली होती. शुल्क पाच महिन्यांनी आलं, मागितलं त्याच्या अर्धं. काकांच्या बाबतीत मात्र कंपनीने त्यांच्या नेमणुकीच्या कागदातली एक ओळ दाखवली, छायाचित्रांना संमती म्हणून. माझ्या गठ्ठ्यातल्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की आजार, औषध किंवा राजकीय प्रचारासाठी हा चेहरा वापरला जाणार नाही. त्याच्यावर काकांची आणि कंपनीची सही असती, तर दाखवायला आमच्याकडेही एक कागद असता. नव्हता. पुढच्या वर्षीच्या अहवालाचं काम मला मिळालं नाही.

आलेल्या शुल्कातला निम्मा वाटा आणि एक मोठी प्रिंट घेऊन मी काकांकडे गेले. पाकीट त्यांनी घेतलं, मोजलं नाही. प्रिंट बराच वेळ पाहिली. मायक्रोमीटर पूर्ण दिसतोय ना, हे आधी तपासलं. मग म्हणाले, पाळीतली पोरं आता विचारतात, हात थरथरतात का म्हणून. एकाने तर जड जॉब उचलायला पुढे हात केला.

मी माफी मागितली. त्यावर ते काही बोलले नाहीत. खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि प्रिंट उलटी केली.

"इथे लिहा," म्हणाले, "माप घेताना. आणि खाली माझं नाव घाला, पूर्ण."